सिंकात आलेलं माहेर

द्वारकाबाई शेलारांच्या स्वयंपाकघरातलं सिंक मंगळवारी तुंबलं, कारण त्यांचं माहेर पाइपातून वर आलं होतं.

हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. सिंक तुंबलं की माणसं जे करतात तेच शेलारांकडे झालं. द्वारकाबाईंनी जाळी काढून आत बोट फिरवलं, पातेलंभर कढत पाणी ओतलं, वर खायचा सोडा टाकला. मग बाजीरावांनी रबरी पंप आणून तो जीव खाऊन दाबला. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात गेलेला माणूस, आपल्याला एक सिंक जुमानत नाही म्हणजे काय! पण पाणी खाली जाण्याऐवजी बोटभर वर आलं, तेही नितळ आणि गार. त्यावर एक पिकलेलं उंबर तरंगत होतं.

द्वारकाबाईंनी ओंजळ भरली आणि पाणी पिऊन टाकलं.

"अगं, गटाराचं हाय ते!" बाजीराव ओरडले.

"आमच्या हिरीचं हाय," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

त्यांचं माहेर वेळेघर. ते धरणाखाली गेलं त्याला आता नातवंडं होण्याइतकी वर्षं लोटली होती. काही बुडालेली गावं उन्हाळ्यात धरण आटलं की डोकं वर काढतात. वेळेघर अगदी तळातलं, ते कधीच वर आलं नव्हतं. शेजारणी पंचमीला माहेरी निघाल्या की द्वारकाबाई त्यांच्या पिशव्या भरू लागायच्या, वाटेसाठी दशम्या बांधून द्यायच्या, आणि घरात येऊन घासलेलेच डबे पुन्हा घासत बसायच्या. त्यांना माहेरची फार आठवण यायची. पण जे गाव नकाशावर नाही, त्याची आठवण येते असं सांगायचं तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी बबन प्लंबर आला. त्याने सिंकखालचा ट्रॅप उघडला, बॅटरी मारली, पाइपाला कान लावला.

"काकू, आत रहाट वाजतोय," तो म्हणाला.

"वाजणारच. त्येला तेल घालायची पाळी भैरूतात्याची, आनी तात्या इसरायचा."

"बायका पण आहेत. एकजण विचारतेय, द्वारकी जेवली का म्हणून."

द्वारकाबाई सिंकावर ओणवल्या. "जेवले गं," त्या पाइपात म्हणाल्या. "तुमी?" आणि उत्तर ऐकायला त्यांनी सिंकाला कान लावला.

"ॲसिड टाकायचं का रं?" बाजीरावांनी विचारलं.

"नको. विहिरीत मासे असतील तर मरायचे," बबनने हत्यारं पिशवीत भरली. "सव्वा इंची पाइपात खरं तर गाव मावत नाही. पण मावलंय."

सोसायटीचे सेक्रेटरी जठार संध्याकाळी पाहणीला आले. त्यांनी चष्मा पुसून सिंकात बघितलं.

"शेलार, सोसायटीत पाहुण्यांना बंदी नाही. पण गाव पाहुणं म्हणून आलंय की राहायला?"

"पाहुणंच म्हना," बाजीराव म्हणाले.

"मग मुक्काम किती दिवस?"

बाजीरावांनी बायकोकडे बघितलं. द्वारकाबाई सिंकाच्या कडेवरचं पाणी पदराने टिपत होत्या. जठारांनी सांगितलं, की खालच्या नलावडेबाईंच्या भिंतीला ओल आली आहे. पाणी गोड लागतं, अशी त्यांचीही कबुली आहे. कालपासून त्या त्याच पाण्याने वरण शिजवतात. पण ओल ती ओलच, आणि पुढे ती पिलरमध्ये उतरेल. तेव्हा गावाने रविवारपर्यंत आटोपतं घ्यावं.

पुढचे दिवस द्वारकाबाईंनी सिंकापाशी स्टूल टाकून काढले. भांडी बाथरूममध्ये घासली जात होती आणि बाजीराव कुरकुर न करता ती विसळत होते. पाइपातून एकेकजण बोलायची. कुणाची म्हैस व्याली होती, कुणाची सून रुसली होती. द्वारकाबाई लेकाची नोकरी, नातीचे दात असं सगळं सांगायच्या. त्या हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. शुक्रवारी दुपारी मात्र सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या आणि द्वारकाबाईंच्या आईचा आवाज आला.

"द्वारके, पदर पुढं कर."

द्वारकाबाई झटकन मागे सरल्या आणि त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचून टाकला.

वेळेघरची रीत अशी होती, की ओटी भरल्याशिवाय लेकीला वेशीबाहेर पाठवायचं नाही. आणि ओटी भरली, की मग थांबायचं नाही. ओटीतले चार दाणे लेकीने आईच्या ताटात परत टाकायचे, म्हणजे तिचं परत येणं होतं, आणि वाटेला लागायचं. द्वारकाबाई तरण्याताठ्या असताना ओटीची वेळ झाली की विहिरीवरच्या उंबरामागे जाऊन लपायच्या, म्हणजे आणखी एक दिवस मिळायचा. शेवटच्या खेपेलाही लपल्या होत्या. त्या दिवशी गाव हलवायला ट्रक आले. आई हातात नारळ घेऊन हाका मारत होती आणि सरकारी माणसं घाई करत होती. अखेर आई नारळासकट ट्रकमध्ये चढली. पुढे ती पुनर्वसनाच्या पत्र्याच्या वसाहतीत वारली तेव्हा द्वारकाबाई बाळंतिणीच्या खाटेवर होत्या. ओटी राहिली ती राहिलीच.

"द्वारके, पदर पुढं कर गं," आई शनिवारीही म्हणाली.

"उद्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

रविवारी बबन स्प्रिंगचं मशीन घेऊन आला. मागोमाग जठार आणि नलावडेबाई आल्या. बबनने वायर जोडली आणि सगळ्यांना स्वच्छ कल्पना दिली. "मशीन लावलं की गाव पुढे ढकललं जाणार. मेन लाइनला लागलं की मग कुठे गेलं ते सांगता येणार नाही."

"दुसरा मार्ग?" जठारांनी विचारलं.

"आपणहून गेलं तर."

द्वारकाबाईंनी सिंकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाजीराव त्यांच्याजवळ गेले. एवढ्या संसारात ते बायकोशी इतक्या हलक्या आवाजात कधी बोलले नसतील.

"मागल्या खेपेला तू लपलीस आन् ट्रक घिऊन गेला. आता मशीन नील. ह्या खेपेला तरी रीतीनं जाऊ दी."

"ती गेली की मला कुनी न्हाय वो तिकडं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"म्हाईत हाय मला."

त्या आत गेल्या, हिरवं लुगडं नेसून आल्या, कुंकू ठसठशीत लावलं. बबनने मशीन बाजूला सरकवलं आणि चपला काढल्या. द्वारकाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी सिंकावर पसरून धरलं.

आधी तांदूळ आले. मग हळकुंड, सुपारी, हिरव्या खणाची घडी, आणि शेवटी नारळ. खण कोरडा होता. नारळ पाइपातून येताना बबनने वाकून बघितलं आणि तो नुसता "बरं" म्हणाला. द्वारकाबाईंनी नारळ कानाशी हलवला. आत पाणी वाजलं.

"नीट जा," आई म्हणाली.

आपल्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी "व्हय" म्हटलं आणि सिंकाच्या कडेला कपाळ टेकवलं. पाणी एकदा गोल फिरलं आणि उतरू लागलं. रहाटाचा आवाज लांब गेला. कुणीतरी म्हणालं, "रडती की गं ती." मग तेही ऐकू येईना.

बबनने नळ सोडून बघितला. "लाइन मोकळी झाली. काकू, तेवढं एक करा, तांदळाचा कण पाइपात जाऊ देऊ नका. आत फुगतो आणि परत तुंबतं."

"न्हाय जाऊ देनार," द्वारकाबाई म्हणाल्या.

जठारांनी समाधान व्यक्त केलं. नलावडेबाईंनी जाता जाता विचारलं, की भिंत वाळेल हे ठीक, पण आता वरणाचं काय करायचं. सगळे गेले. बाजीरावांनी दार लावून घेतलं आणि ते स्वयंपाकघरात आले.

द्वारकाबाई ओटी तशीच धरून सिंकापुढे उभ्या होत्या. त्यांनी जाळी उचलून बाजूला ठेवली, पदरातले चार दाणे चिमटीत घेतले आणि पाइपात टाकले.

बाजीराव सिंकापाशी येऊन उभे राहिले.

"चार दाण्यानं काय तुंबतंय?" ते म्हणाले. "मूठभर टाक."