शेजारचं विरजण

मालकांच्या मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदाच राहायला येणार म्हणून मेहुण्याने सहाच्या सहा खोल्यांचे संडास जंतुनाशकाचा अख्खा कॅन ओतून घासले, आणि तळ्याकाठच्या त्या छोट्याशा विश्रामगृहाची टाकी मेली.

टाकी मेली हे मालकांना सकाळी नाकाने कळलं. इतक्या आडबाजूच्या, खडकाळ जागी गटाराची लाईन येणं शक्य नव्हतं आणि मैला उपसणारा टँकर त्या वळणांवर चढत नव्हता. म्हणून त्यांनी घरामागे टाक्या बांधून घेतल्या होत्या. पहिलीत जड माल खाली बसायचा, दुसरीत पंप हवा सोडायचा आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू उरलेली घाण खाऊन फस्त करायचे. मग ते पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यातून गाळत गाळत तळ्याला मिळायचं. त्या जिवाणूंवर मालकांचा पोटच्या पोरांसारखा जीव. आलेल्या पाहुण्याला तळं नंतर दिसायचं, टाकी आधी.

"कुणी काय ओतलं?" त्यांनी अंगणात येऊन विचारलं.

"मी फक्त स्वच्छता केली, दाजी," मेहुणा म्हणाला. "कॅनवर लिहिलंय, सगळे जंतू मरतात. म्हटलं, व्याही येतायत, औषधालासुद्धा एक जंतू राहायला नको."

"अरे, ते आपले जंतू होते."

मेहुणा ओशाळला. मालकांनी त्याला टाकीच्या आसपास फिरकायची बंदी केली आणि मेकॅनिकला फोन लावला.

"चालू टाकीतला ताजा गाळ आणून ओता," मेकॅनिक म्हणाला. "दुधाला विरजण लावतो तसं. दोन-तीन दिवसांत धरेल. तोवर टाकीवर जास्त भार टाकू नका."

"गाळ आणू कुठून?"

"तुमच्या शेजाऱ्यांची टाकी झकास चाललीय की."

मालकांनी फोन ठेवला. शेजाऱ्याशी त्यांचा अबोला होता. त्याने रस्त्याच्या फाट्यावर 'खरी शांतता पुढे आहे' अशी पाटी लावली होती, आणि पुढे म्हणजे मालकांच्या फाटकाच्या पुढे. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की दोघांनाही एकदम तळ्यातले पक्षी बघायचे असत.

"मी त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही," मालक म्हणाले.

"नका ठेवू," बायको म्हणाली. "विहीणबाईंना मी सांगते, आमच्या यजमानांना स्वाभिमान फार. हा वास त्याचाच आहे."

मालकांनी मुकाट्याने झाकणाचं पिंप हातगाडीवर चढवलं.

वाटेत त्यांनी तीन प्रकारे बोलायला सुरुवात करून पाहिली. पहिल्यात हवापाणी होतं, दुसऱ्यात तब्येत, तिसऱ्यात थोडा टोमणा. शेजारी फाटकातच उभा दिसला आणि तिन्ही विसरून ते म्हणाले, "गाळ आहे का?"

"किती हवाय?" शेजाऱ्याने विचारलं.

त्याने काय झालं ते ऐकून घेतलं, पायघोळ पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः टाकीत पाईप सोडला. पिंप भरता भरता म्हणाला, "दोन दिवस पाहुण्यांना माझ्याकडे पाठवा. खोल्या रिकाम्याच आहेत."

मालक पिंप धरून म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? माल तुमचाच आहे."

"म्हणजे?"

"मी टाकी बांधली तेव्हा ती काही केल्या धरेना. पाहुणे बॅगा घेऊन परत चालले होते. तुमच्या आईंनी तुमच्या टाकीतला गाळ पाठवला. म्हणून आज हा धंदा उभा आहे."

"पण आपण तर बोलत नव्हतो."

"आपण नव्हतो. त्या बोलत होत्या."

मालकांनी हातगाडी ओढायला घेतली. शेजारी मागून ढकलू लागला. चढाच्या अरुंद वळणावर नेमकी समोरून, त्या पाटीला भुलून मालकांच्या फाटकापुढे निघून आलेली व्याह्यांची मोटार आली. हातगाडी मागे घेता येईना, मोटार पुढे जाईना. व्याही खाली उतरले आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी कोट काढून पिंपाला खांदा लावला.

"बरंच जड आहे हो," ते धापा टाकत म्हणाले. "काय आहे यात?"

शेजाऱ्याने पक्षी बघायला सुरुवात केली. मालकांना खोटं बोलायला सुचेना, म्हणून त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. व्याह्यांनी आधी आपले तळहात पाहिले, मग खांदा, मग पिंप.

"जिवंत आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग उन्हात कशाला थांबलोय? ढकला."

तिघांनी मिळून पिंप टाकीपाशी आणलं. गाळ आत ओतला, पंप सुरू झाला. व्याही मंडळी दोन दिवस शेजाऱ्याकडे झोपली आणि जेवायला मालकांकडे आली. तिसऱ्या दिवशी वास गेला, पाण्यावर तपकिरी बुडबुडे खेळू लागले. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "ज्या घरात सांडपाण्याचीसुद्धा एवढी काळजी घेतात, त्या घरची मुलगी आमच्याकडे आली हे आमचं भाग्य." मालकांना डोळे पुसायला आडोसा शोधावा लागला.

मोटार वळणाआड गेल्यावर ते ओसरीच्या पायरीवर आईपाशी येऊन बसले.

"आई, तू मला न सांगता शेजाऱ्याला गाळ दिलास?"

"सांगितलं असतं तर तू देऊ दिला असतास?" आई म्हणाली. "शेजारी आहे तो. त्याची घाण तळ्यात गेली तर तळं काय अर्धंच नासेल? आणि वास कुंपण बघून येतो का?"

"पण तू एवढा गाळ नेलास कसा?"

"मी कशी नेणार? माझे गुडघे बघ."

आईने पायरीच्या टोकाला बसलेल्या मेहुण्याकडे बोट दाखवलं.

"बादल्या-बादल्यांनी नेला, दाजी," मेहुणा खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही बाजारात गेला होतात. कपडे सगळे खराब झाले, म्हणून ताई ओरडली होती. पण तिलाही नाही सांगितलं."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या बादल्या गेल्या नसत्या, तर आज शेजाऱ्याकडे टाकी नव्हती, गाळ नव्हता आणि पाहुण्यांना खोलीही नव्हती.

"फार उपकार झाले तुझे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत दाजींच्या तोंडून असं काही ऐकायची मेहुण्याला सवयच नव्हती. आपल्या पाठीमागे कोण येऊन उभं राहिलंय, ते त्याने वळून पाहिलं.