मंदाबाईंच्या दोन बरण्या

लिंबाचं लोणचं मुरायला वेळ लागतो, हे बोरगाव मेघेत सगळ्यांना ठाऊक होतं; पुंडलिकरावांचा तेवढा अपवाद. दरवर्षी ते तिसऱ्याच दिवशी बरणीत चमचा घालत, "कडू झालं वो," म्हणून तोंड वाकडं करत आणि चौथ्या दिवशी पुन्हा घालत. लेक अंजू दिवाळीला यायची, तेव्हा तिच्या वाट्याला नुसता खार उरायचा.

यंदा मंदाबाईंनी नवऱ्यापुढे चिनी मातीच्या दोन बरण्या ठेवल्या.

"ही लहान, पंधरा दिवसांनी खायची. ही मोठी गुळाची, दिवाळीले उघडाची. तुमाले एकच भेटन. सांगा!"

पुंडलिकरावांचा चहा निवून गेला. एकटी बरणी असती, तर हात केव्हाच आत गेला असता. पण मोठीशेजारी लहान अगदीच केविलवाणी दिसू लागली.

"थांबाचंच हाय, त मंग लहानीसाठी काऊन थांबू? मोठी!"

त्यांनी स्वतः बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, बरणी फळीवर चढवली आणि पानठेल्यावर सांगत सुटले, "संयम पाह्यजे, चंद्रभान!"

लहान बरणी मंदाबाईंनी आणि शेजारच्या पंचफुलाबाईंनी दुपारच्या गप्पांत दहा दिवसांतच संपवली.

"आता वो, मंदाबाई?"

"मोठीतली एक फोड पाहू. मुरून राह्यली का नाई, पाहा लागन न!"

मग रोजच पाहावं लागलं. फडक्याची गाठ मात्र रोज होती तश्शी बसे.

दिवाळीला अंजू आली. पुंडलिकरावांनी हात धुऊन बरणी उतरवली.

"अरे बापा, लय हलकी लागते! मुरलं का वजन घटते का वो?"

मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तळाशी एकच फोड होती. अंजूने ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"बाबा, या घरात मुरलेलं लोणचं पह्यल्यांदा खाल्लं मी!"

पुंडलिकरावांची छाती फुगली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि बाजार गाठला. संध्याकाळी पन्नास लिंबं आणि त्याच दोन बरण्या त्यांनी मंदाबाईंपुढे मांडल्या.

"ही पंधरा दिवसांची, ही दोन महिन्यांची. तुले एकच भेटन. सांग!"

मंदाबाईंनी दोन्ही बरण्या नीट न्याहाळल्या.

"अवो, यात आजची नाई का कोणती?"