उशांचं बिऱ्हाड

"दाजी, तुम्ही उशा विकत नाही, पोसताय," मेहुणा म्हणाला. तो हिशेबनीस होता, आणि बहिणीकडे जेवायला आला तरी चार आकडे मांडल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

दाजींना सगळे उशीवाले म्हणत. चांगली नोकरी सोडून त्यांनी इंटरनेटवर उशा विकायला काढल्या होत्या. माल वजनाला हलका, पण जागा खाणारा. गोदाम गच्च भरलेलं आणि निम्मी मिळकत त्याच्या भाड्यात जात होती.

"थंडीत खप वाढेल," उशीवाले म्हणाले.

"तोवर हातात रोख नको का? गिऱ्हाइकाचा पैसा येतो दोन महिन्यांनी, भाडं जातं एक तारखेला."

"मग हिची ठेव मोडू."

बायकोचा वाढता हात थांबला. ती ठेव तिने शिकवण्या घेऊन जमवली होती. "ठेवीला हात लावायचा नाही. भाडं कमी करा, नाहीतर नोकरी धरा."

नोकरी तर उशीवाल्यांना मुळीच नको होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोदाम सोडत असल्याचं मालकाला कळवलं आणि टेम्पोने उशा घरी आणायला सुरुवात केली. घर बायकोच्या नावावर, तिथे कसलं आलंय भाडं. मेहुण्याने फोनवर शाबासकी दिली.

पहिल्या टेम्पोत बैठकीची खोली भरली, दुसऱ्यात झोपायची. तिसरा आला तेव्हा उशीवाल्यांच्या वडिलांचा पलंग आडवा आला. गोदामाचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलंच होतं, म्हणून परतीच्या टेम्पोत पलंग तिकडे गेला आणि पलंगामागोमाग बाबाही गेले. मग जेवणाचं टेबल गेलं, शेगडी गेली. शेवटी कपाट निघालं, तशी कपाटात साड्या आहेत म्हणून बायकोही निघाली. उशीवाले घरीच राहिले, मालाजवळ कुणीतरी हवं होतं. न्हाणीघरात जायला त्यांना अंग चोरून सरकावं लागे, पण भाडं वाचत होतं.

महिना संपला तसे ते मेहुण्याला घेऊन गोदामाची किल्ली परत करायला गेले. दाराला पडदा लागला होता. आत छान वारा येत होता आणि बाबा पलंगावर पेपर वाचत पडले होते. बायकोने दोघांना चहा दिला.

"आवरा आता, मालक येईल," उशीवाले म्हणाले.

"येऊन गेला. जागा मी घेतली. वर्षाचं भाडं भरलं."

"कशातून?"

"ठेवीतून."

उशीवाल्यांनी कप खाली ठेवला. "अगं, मी मागितली तेव्हा नाही म्हणालीस."

"तेव्हा ती उशांना हवी होती."

"आणि ठेव संपल्यावर?"

"संपतेय कशाला? माझ्या घरात तुमचा माल आहे. उद्यापासून त्याचं भाडं सुरू."

उशीवाल्यांनी आशेने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने चहा संपवला, मनाशी काहीतरी जुळवलं.

"वस्तीतली जागा आहे दाजी. गोदामापेक्षा जरा जास्तच पडेल," तो म्हणाला. "आणि ताईला एक तारखेलाच लागतं."

उशीवाले उठले. बाबांनी पेपर किंचित खाली केला.

"जाताना दार ओढून घे रे," ते म्हणाले.