गच्चीला चुना

"कुणाला विचारून चुना लावतेस?" गच्चीच्या दारातून कर्णिकांनी विचारलं. कर्णिक मुलुंडच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी.

माणिकने हातातला कुंचला थांबवला नाही. "तुम्हालाच विचारलं होतं काका. तुम्ही नाही म्हणालात."

"मग?"

"मग फक्त आमच्या घरावरच्या भागाला लावतेय."

"गच्ची सोसायटीची आहे."

"ऊनही सोसायटीचंच आहे. भाजतो मात्र आपण वरच्या मजल्यावरचे."

माणिक पवईला एम.टेक. करत होती. सूर्याची ऊर्जा आणि कमी विजेवर गार राहणारी घरं, हा तिचा विषय. पांढऱ्या गच्चीखालचं घर किती गार राहतं ते तिला भर मे महिन्यात मोजून दाखवायचं होतं. वरच्या मजल्यावर दोनच घरं होती, तिचं आणि कर्णिकांचं. तिने कर्णिकांकडेही थर्मामीटर लावायची परवानगी मागितली.

"लाव," कर्णिक म्हणाले. "काही फरक पडत नाही, हे कळू दे तुझ्या सरांना."

चौथ्या दिवशी दुपारी शकुकाकू, म्हणजे कर्णिकांची बायको, वाटीभर साखर मागायला आल्या आणि संध्याकाळीच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या निवडायचे गहू घेऊन आल्या, मागून त्यांच्या सासूबाई चटई घेऊन. मग खालच्या मजल्यांवर बातमी पोचली. आठवडाभरात माणिकच्या घरात दुपारी पाय ठेवायला जागा उरली नाही. तिची आई सुनंदाबाई सारखी चहाचं आधण ठेवत होती. शेवटी तक्रार करायला कर्णिक आले आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसून घोरू लागले.

त्याच दुपारी माणिकचे सर, डॉक्टर टिपणीस, पाहणीला आले. चपलांच्या ढिगातून वाट काढत त्यांनी पारा पाहिला, मग कर्णिकांच्या रिकाम्या घरातला पाहून आले.

"दोन्हीकडे सारखंच तापमान आहे, माणिक."

कर्णिक जागे झाले. "मी आधीच सांगितलं होतं."

"इथे एवढी माणसं आहेत सर, शिवाय स्टोव्ह पेटलेला," माणिक म्हणाली.

"मग घर रिकामं कर आणि पुन्हा मापं घे."

"नाही करणार."

सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"नापास होशील," सर म्हणाले.

"होईन. पण घर माणसांसाठी बांधतात ना? माणसं हाकलून घर गार दाखवायचं, तर मी कशाला शिकले? त्यापेक्षा निम्मी माणसं कर्णिककाकांकडे बसवा. मग मापं घ्या."

सरांनी क्षणभर विचार केला. "हे मान्य. चला, निम्मे लोक तिकडे."

कुणी हललं नाही. शकुकाकू गव्हातले खडे वेचत राहिल्या. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही तरी चला," सर कर्णिकांना म्हणाले. "तुमचंच घर आहे."

"मी सेक्रेटरी आहे," कर्णिक म्हणाले. "एवढी माणसं एका ठिकाणी जमली म्हटल्यावर मला इथे लक्ष ठेवायला हवं."

सरांनी कपाळ पुसलं. पारा सारखा असला, तरी कर्णिकांच्या तापलेल्या छतातून झळा येत होत्या; तिथे ते जेमतेम दोन मिनिटं उभे राहिले होते, तेवढ्यात सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदा समोरच्या कर्णिकांच्या दाराकडे पाहिलं, मग माणिककडे.

"निकाल काय लिहायचा, ते नंतर ठरवू," ते म्हणाले आणि सासूबाईंच्या चटईशी वाकले. "आजी, जरा सरकता का?"