छत्रीचा झगा

लडकूच्या पडवीत कमळूचा फोटो टांगला गेला आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. फोटो नसता, तर कमळू बी.ए. झाल्याचं गावाला गुळाच्या खड्यापुरतं कळलं असतं आणि गाव विसरूनही गेलं असतं. पण फोटोत कमळू काळ्या झग्यात उभा होता, हातात कागदाची गुंडाळी होती, आणि असला झगा लडकूने जन्मात एकदाच पाहिला होता. ठाण्याच्या कोर्टात साक्षीला गेला तेव्हा, वकिलाच्या अंगावर.

"पोरगा वकील झाला," तो बायकोला, हिराबाईला म्हणाला. "ऐन आता आपला."

ऐन म्हणजे लडकू आणि शेजारचा धाकू यांच्या शेतांमधल्या बांधावरचं झाड. मुरबाडकडे भाताचं रोप करायचं तर आधी जमिनीवर पाला-फांद्या पसरून ती भाजावी लागते. त्याला राब म्हणतात, आणि राबाला ऐनाच्या फांद्या मिळाल्या तर आणखी काय पाहिजे? दर माघात लडकू कोयता घेऊन झाडाखाली जाई, धाकूही येई. दोघे एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि कोयते तसेच घेऊन घरी परतत. बारा वर्षं हे चाललं होतं. गावातली बाकीची झाडं दर साली भुंडी होत, हा एक ऐन मात्र नवरदेवासारखा नटून उभा असे. लडकूने पोटाला चिमटा काढून पोराला मुंबईच्या कॉलेजात ठेवलं ते या झाडासाठी. शिकून शहाणा होईल वगैरे होतंच, पण ते नंतरचं.

आता गंमत अशी, की फोटो टपालाने आधी आला आणि कमळू चार दिवसांनी. त्या चार दिवसांत लडकूने फोटो भिंतीवरून उतरवून, पंच्यात गुंडाळून घरोघर फिरवला. शेवटी धाकूच्या अंगणात जाऊन पंचा सोडला.

"बघून घे, धाक्या. आता कोर्टात भेटू."

धाकूने फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना. तो गावच्या पंचाकडे, यमाजीकडे गेला आणि रविवारी मारुतीच्या देवळात बैठक ठरवून आला.

कमळू गावात पोचला तेव्हा ओट्यावर तीन माणसं वाट बघत बसली होती. त्यातल्या रखमी म्हातारीची शेळी कुणीतरी बांधून ठेवली होती आणि तिला त्या माणसाला फाशी हवी होती. कमळूने बापाला घरात ओढलं.

"बा, मी वकील नाय. बी.ए. झालो फक्त."

"मंग झगा?"

"पदवी देतात तवा समद्यांना घालावा लागतो. भाड्याचा होता. परत केला."

"मंग इतकी वर्सं शिकलास काय तू?"

"मराठी."

"मराठी? ती तर तुझ्या आयेला पन येते. ती कुठं गेली होती कॉलेजात?"

हिराबाई चुलीपुढून म्हणाली, "आता ह्यात मला नका ओढू."

लडकूने दार लोटून घेतलं. "हे घराबाहेर जाता कामा नये. रविवारी तू तोंड उघडू नको, नुसता झग्यात उभा राहा."

"झगा नाय ना, बा."

त्यावर उपाय हिराबाईनेच काढला. घरातली एक मोडकी छत्री आणि भावाकडून आणलेली दुसरी, दोन्ही उसवून तिने झगा शिवला. फोटोतल्यासारखाच झाला, फक्त घाईत छत्रीची एक तार पाठीकडे आत राहिली. वाकलं की ती टोचायची. त्यामुळे रविवारी कमळू देवळात असा काही ताठ उभा राहिला, की साऱ्या गावाला त्याच्या विद्येची धास्ती बसली.

यमाजीने विचारायच्या आधीच धाकू हात जोडून पुढे आला.

"कमळू, मला कोर्टाची पायरी नको दाखवू. घरात एक पोर, तिला आय नाय. तिला टाकून ठान्याला कशा फेऱ्या मारू? झाड घ्या तुमी."

लडकूची छाती फुगली. बारा वर्षांचं झाड एका झग्यात मिळालं होतं. पण कमळू धाकूकडे बघत होता. भांडण लागायच्या आधी याच धाकूने त्याला खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचवलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"धाकूकाका, मी वकील नाय," तो म्हणाला. "झगा छत्रीचा हाय." आणि त्याने पाठ फिरवून तार दाखवली.

यमाजी हसता हसता खांबाला धरून उभा राहिला. रखमी म्हातारीने शेळीची तक्रार मागे घेतली. धाकूने कपाळावरचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला, "मंग झाड माझं."

लडकू आठ दिवस पोराशी बोलला नाही. हातातोंडाशी आलेला घास पोटच्या पोराने घालवला, बोलणार काय? नवव्या दिवशी धाकू कुंपणाशी येऊन उभा राहिला. बरोबर त्याची दहा वर्षांची मैना, हातात पाटी.

"मी आत येनार नाय," धाकू म्हणाला. "कमळू, हिला शिकव. वकील करायची हिला. झगा खरा पायजे."

लडकू ओट्यावरून उठलाच. "माझ्या पोराकडून शिकून माझ्यावरच केस टाकनार?"

"नुसता फोटो बघून मी झाड सोडत होतो, लडक्या. खरी वकील बघून तू काय काय सोडशील?" मग धाकूचा आवाज जरा उतरला. "आन् तुझा पोर गप राहिला असता तर झाड तुझंच होतं. पन खरं बोलला. मास्तर असाच पायजे."

कमळूला जूनपासून शहापूरच्या शाळेत नोकरी होती, तोवर तो मोकळाच होता. पण मैना लडकूच्या घरात पाय ठेवणार नव्हती, आणि कमळूला धाकूच्या घरी जायची मनाई होती. म्हणून शाळा भरली ती बांधावर, ऐनाखाली. गावात दुसरी दाट सावली उरलीच नव्हती.

लडकू लांबून बघत राहिला. पोरगी भराभर शिकत होती. दहा-बारा वर्षांनी ही कोर्टाचा कागद घेऊन दारात उभी राहील, कमळू असेल शहापुरात, आपल्याला तर अक्षर येत नाही, मग कागद वाचायचा कुणी? हिराबाईने? या विचाराने त्याला जेवण जाईना. शेवटी एका सकाळी तो पाटी घेऊन आला आणि बांधाच्या आपल्या बाजूला, भर उन्हात बसला.

"बा, इकडं सावलीत ये," कमळू म्हणाला.

"नको. सावली धाक्याच्या शेतात पडलेय. उद्या वकीलबाई हेच पकडंल."

मैनाने पाटीवरून मान वर केली.

"बसा, काका," ती म्हणाली. "पन आजच्यापुरता बसतो, असं लिहून द्या."

लडकूने तिच्याकडे पाहिलं, मग कोऱ्या पाटीकडे. कपाळावरून घाम ओघळत होता. त्याने पेन्सिल उचलली आणि आवाज खाली आणून पोराला म्हणाला, "दाखव रं, कसं लिवायचं ते."