पडक्या देवळाची दुरुस्ती

"घरातली एक भेग माझ्या नजरेतून सुटायची नाही!" असं इंदुताई छातीठोकपणे सांगायच्या. ते खरंही होतं. म्हणूनच तर घोटाळा झाला!

ते दिवस नव्या कंपन्यांचे. दर महिन्याला गल्लीत एक नवी मारुती आणि कुणाच्या तरी गच्चीवर डिशची छत्री उगवायची. एकनाथरावांनीही सरकारी नोकरी सोडून अशीच एक कंपनी धरली आणि हैदराबादेत, दिलसुखनगरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला कंपनीचे दामलेसाहेब, मूळचे पुण्याचे, हे भलंमोठं चित्र देऊन गेले. हिरवं कुरण, मेंढ्या, झाडाखाली पावा वाजवणारा धनगर, आणि मागे हजार वर्षांचं पडकं देऊळ. छप्पर नाही, खांब अर्धे, भिंतीतून पिंपळ!

"वास्तुशांतीला पडकी वास्तू देतं का कुणी?" इंदुताई कडाडल्या.

"अगं, साहेबांनी दिलंय! मॅनेजरची जागा त्यांच्याच हातात आहे. रविवारी चहाला येताहेत, तोवर भिंतीवर लाव!" एवढं बोलून एकनाथराव मद्रासच्या दौऱ्यावर गेले.

इंदुताईंनी मलकपेठेतल्या अंबाजीला बोलावलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

"अंबाजी, याची दुरुस्ती कर."

"हौ अम्मा. स्लॅब टाकू की पत्रे?"

"पत्रे नक्को! साहेब लोकांची भेट आहे. स्लॅबच टाक."

तीन दिवसांत खांब पुरे झाले. पिंपळ गेला. भिंती गुलाबी, खिडक्यांना ग्रिल, दाराला आंब्याचं तोरण! वर जागा उरली म्हणून पाण्याची टाकीसुद्धा. कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी खरडलं होतं, ते पुसून त्यानं 'अंबाजी आर्ट्स' लिहिलं.

रविवारी दुपारी एकनाथराव घरात शिरले आणि बॅगेवरच बसले.

"इंदू, हे चित्र साहेबांनी स्वतः काढलं होतं गं! सहा महिने खपून!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

तेवढ्यात बेल वाजली.

दामलेसाहेब चित्रासमोर मयताला आल्यासारखे उभे राहिले. त्यांची बायको मात्र हरखली. "अय्या, किती प्रसन्न! अहो, तुम्ही काढलेली आपल्याकडची अकराही पडकी देवळं अशीच करून घेऊ या ना!"

साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "ती टाकी... कुणाची कल्पना?"

कौतुक चाललंय असं वाटून इंदुताई लगबगीनं म्हणाल्या, "सगळं यांचंच डोकं हो!"

आठवड्याभरात पत्र आलं. एकनाथराव खरोखर मॅनेजर झाले! विभाग : गोदामांची दुरुस्ती. पहिलं काम : गच्चीवरची गळकी टाकी.

इंदुताईंनी पेढे वाटले. आणि पुढं कित्येक वर्षं, आल्यागेल्याला चित्र दाखवून त्या सांगत, "यांची ती टाकी अजून गळते. अंबाजीची बघा, एक थेंब नाही!"