कॅनला उचकी लागू द्यायची नाही

माणूस भेटला की कुणी रामराम घालतं, कुणी सलाम करतं. आमचे करीममामू दोन्ही तळहात तुमच्या नाकाखाली धरतात आणि विचारतात, "बू येती का?"

ओळख असो वा नसो. मागं कुठल्याशा खात्याचे एक साहेब नदी बघायला आले होते. काळा गॉगल, पांढरे बूट. होडीत पाय ठेवतात न ठेवतात तोच मामूंचे हात त्यांच्या नाकाखाली. साहेब दचकून मागं सरले आणि म्हणाले, "माफ करा, मला हात बघता येत नाही." मामू म्हणाले, "बघू नका साहेब, हुंगा." साहेबांनी हुंगले. काय करतात? होडीवाला तो, आणि नदी गोदावरी.

आमचं गाव नदीच्या नांदेडकडच्या अंगाला. मी जिथं अंगणवाडी चालवते ती वस्ती पलीकडं, लातूरच्या रस्त्याला लागून. पुलावरून जायचं तर जीपनं अख्ख्या मुलखाला वळसा. म्हणून सकाळी मामूंच्या होडीतून जायचं आणि दुपारी त्यांच्याच होडीतून परत यायचं, अशी माझी नोकरी चालली आहे. डिझेलचा पंप पलीकडच्या रस्त्यावर. तिथून जीपवाला भरलेली कॅन आणून देतो आणि मामू परतीच्या खेपेआधी ती इंजिनाच्या टाकीत ओततात. ओततात असं मी आपलं म्हणते. देवाला अभिषेकसुद्धा याहून घाईत होतो.

आधी सगळ्यांनी होडीतून उतरायचं, कारण होडी हलता कामा नये. मग काठावर गप्प उभं राहायचं. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. कुणाची बकरी असेल तर त्यानं तिचं तोंड धरायचं. मोबाइल वाजला तर मामू कॅनला झाकण लावतात, तुमचं बोलणं संपेपर्यंत आभाळाकडं बघत बसतात आणि पुन्हा बिस्मिल्ला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतात. नरसाळ्याला एक फडकं, कॅनच्या गळ्याला दुसरं, टाकीच्या तोंडाभोवती तिसरं. आणि कॅन कशी धरायची, तर आपण घागर ओततो तशी मुळीच नाही. तिचं तोंड वरच्या अंगाला ठेवायचं आणि तिला हळूहळू आडवी करायची.

"तोंड खालच्या अंगाला गेलं की कॅनला हवा भेटत न्हाई बाई," मामू मला समजावतात. "मग ती उचक्या देते. भडक्, भडक्. आन् उचकी लागली की सांडलंच समजा. कॅनला उचकी लागू द्यायची न्हाई!"

टाकीही काठोकाठ भरायची नाही. "चार घास कमी. उन्हानं डिझेल फुगतं. पोट फुटेस्तोवर खायचं काम माणसाचं, टाकीचं न्हाई." हे म्हणताना ते दिगांबर दूधवाल्याच्या पोटाकडं बघतात.

एवढं सगळं झालं, थेंबही सांडला नाही, तरी होडी सुटत नाही. मामू नदीच्या गाळानं हात घासतात. मग लिंबानं. मग बेसनानं. मग रांगेनं सगळ्यांच्या नाकाखाली हात धरतात. हा दिगांबर असा वाह्यात, की मुद्दाम नाक मुरडून म्हणायचा, "जरा जरा येऊन राहिली मामू." झालं! पुन्हा गाळ, पुन्हा लिंबू, पुन्हा बेसन. इकडं माझ्या सासूबाईंना चारच्या ठोक्याला चहा लागतो. उशीर झाला की त्या कपाऐवजी माझ्याकडं फुंकर मारतात. मी कितीदा दिगांबरला म्हटलं, "मेल्या, तुला नरकात डिझेलचीच अंघोळ घालतील." तो दात काढायचा.

नवी माणसं म्हणतात, म्हातारा कंजूष आहे, थेंबाथेंबाला जपतो. कंजूष कसला? चहा पाजायला कधी मागं हटले नाहीत. खरं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जैनबमामी रुसून लेकीकडं गेल्या होत्या, लातूरकडं, मुरुडला. आणि जाताना सांगून गेल्या होत्या की तुमच्या हातची डिझेलची बू गेली, की मगच फोन करा.

त्या गेल्या तो दिवस मला आठवतो. तंटा झाला होता बगाऱ्याच्या भातावरून. मामींच्या हातचा बगारा म्हणजे काय सांगू, ईदेला आम्ही डबे घेऊन रांग लावतो. पण त्या दिवशी मामी फोनवर बोलत राहिल्या आणि भात खालून पार करपला. धूर गल्लीभर. मामू आले, ताटावर बसले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "वा! काय खुशबू सुटली, जैनब!"

मामींना वाटलं, हे टोमणा मारून राहिले. इतकी वर्षं चूल फुंकली त्याचं हे बक्षीस! पिशवी भरून त्या तरातरा घाटावर आल्या. आता गंमत अशी, की पलीकडं जायला होडी एकच, आणि ती चालवणारे हेच. रुसलेल्या बायकोला स्वतःच नदीपार सोडणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. मामी पुढच्या टोकाला पाठ करून बसल्या, मामू मागच्या टोकाला इंजिनापाशी, आणि मधे आम्ही सगळे मयतीला आल्यासारखे. उतरताना मामी एवढंच बोलल्या, "डिझेलमधी राहून राहून नाक मेलं तुमचं. जळका भात अन् चांगला भात, तुम्हाला सारखाच. त्या कॅनशीच निकाह लावा आता! हातची बू गेली, की मगच फोन करा!"

रागात बोलल्या खऱ्या, पण नेम अचूक लागला होता. तो कसा, हे मला पुढं कळलं.

एकदा मामू अंगणवाडीच्या पायरीवर टेकले होते. मी आत पोरांची वजनं करत होते आणि चुलीवरच्या खिचडीकडं माझं लक्ष नव्हतं. खिचडी लागली. पोरं खोकायला लागली, शेजारच्या घरातून म्हातारी ओरडली. आणि दारातच बसलेले मामू प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "वा बाई, झकास खुशबू सुटली!"

मी पळी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "मामू, खरं सांगा. तुम्हाला वास येत नाही ना?"

मामूंनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या करोनाच्या, बंदच्या साली ताप आला व्हता ना बाई. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला."

"अहो, मग मामींना सांगायचं!"

"कसं सांगू? तिचा सगळा जीव त्या चुलीत. मला खुशबू येत न्हाई म्हणलं, तर ती कुणासाठी करील? म्हणून रोज म्हणायचो, वा, काय खुशबू. मन लावून म्हणायचो. आन् नेमकं त्या दिवशी..." त्यांनी डोकं खाजवलं. "आता सांगितलं तर म्हणेल, इतकी वर्षं झूट बोलले. म्हंजे गेलीच ती. तुम्हाला कसम हाय बाई, बोलू नका."

म्हणजे स्वतःचे हात हुंगायचीही या माणसाला सोय नाही, म्हणून गावाची नाकं उसनी घेऊन फिरतो! त्या दुपारी मी दिगांबरला घाटावर गाठलं आणि चांगला खडसावला. कारण नाही सांगितलं, पण तो चमकला. त्या दिवसापासून त्यानं नाक मुरडलं नाही.

रोज संध्याकाळी मामू मुरुडला फोन लावायचे. "जैनब, आज बी सांडलं न्हाई." पलीकडून फोन कट. एके दिवशी मीच फोन हिसकून घेतला आणि म्हटलं, "मामी, मी अंगणवाडीवाली. रोज हुंगते. एका थेंबाचा वास येत नाही हो." मामी म्हणाल्या, "जुम्म्याला येते. माझी मी हुंगून बघते. बू आली तर त्याच जीपनं माघारी."

मग काय विचारता! मामूंनी होडी धुतली, दोर धुतले, नांदेडच्या जुन्या बाजारातून मोगऱ्याचं अत्तर आणलं. जुम्म्याला कॅनला हात लावायचाच नाही, म्हणून आदल्या दिवशीच टाकी भरून ठेवली. पण जुम्म्याला नेमकं पलीकडच्या वस्तीत लग्न निघालं. वऱ्हाडाच्या खेपांवर खेपा झाल्या आणि दुपारी टाकी तळाला गेली. पांढराशुभ्र कुर्ता घातलेले मामू कॅनकडं असे बघत होते, जशी ती मामींची सवतच आहे.

"मी ओतू का?" दिगांबर म्हणाला.

"तू? तुला दूध ओतता येत न्हाई धड," मामू म्हणाले आणि बाह्या सारून बसले.

आम्ही काठावर श्वास धरून उभे. तीन फडकी, नरसाळं, बिस्मिल्ला. कॅन हळूहळू आडवी होत गेली. मी शपथेवर सांगते, एवढं बारीक, एवढं सरळ ओतणं मी कधी पाहिलं नव्हतं. निम्मं उरलं होतं आणि वरच्या रस्त्यावर जीप थांबली. "अहो, ही पिशवी तरी धरा कुणी!"

मामींचा आवाज.

ज्या माणसानं बकरी ओरडली तरी झाकण लावलं, त्यानं कॅन तशीच उघडी फळीवर टेकवली आणि धाडकन पाण्यात उडी मारली. गुडघाभर पाणी, खाली गाळ. चप्पल गाळात रुतली. ती काढायला मामू वाकले, उडीनं होडी डोलली, वर कॅन कलंडली आणि तिला लागली उचकी. भडक्, भडक्, भडक्! सगळं मामूंच्या पाठीवर. त्यांना वाटलं, पाणीच उडालं. चप्पल हातात घेऊन, हसत, ते तसेच काठावर चढले. मागं पाण्यावर निळा-जांभळा तवंग पसरत होता आणि वास असा, की माझ्या डोळ्यांना धार लागली.

मला वाटलं, संपलं. एवढ्या दिवसांचं गाळ, लिंबू, बेसन, सगळं वाया. मी "मामू" म्हणून ओरडणार, तोवर ते मामींसमोर उभेही राहिले होते. लहान पोरानं पाटी दाखवावी तसे दोन्ही हात पुढं केले.

"घे. तुझी तूच बघ. बू येती का?"

मामींनी पदर नाकाला नेला होता. तो तिथंच थांबला. त्यांनी त्या पिवळ्या पडलेल्या कुर्त्याकडं पाहिलं, पाण्यावरच्या तवंगाकडं पाहिलं आणि मग मामूंच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं नुसता हर्ष. मामींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी पदर खाली सोडला, मामूंचे दोन्ही हात धरले आणि नाक टेकवून हुंगले.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याची येती."

"ऐकलं?" मामू आमच्याकडं वळले आणि हात थेट दिगांबरच्या नाकाखाली. "तू सांग!" दिगांबरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला दाबत तो म्हणाला, "कसली बू मामू? काय बी न्हाई." आणि पुढं पळत जाऊन त्यानं कॅन उभी केली, फळी पुसली आणि वर पोतं टाकलं.

होडी सुटली. मामी आज पाठ करून बसल्या नाहीत, माझ्याशेजारी बसल्या. मधेच हळूच म्हणाल्या, "कवापासून?"

"बंदच्या साली ताप आला, तवापासून."

त्या पाण्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे त्या दिवशी बगाऱ्याला म्हणाले, ते..."

"मनापासून म्हणाले, मामी."

त्यांनी डोळे पुसले. "लई मोठ्या मनाचा माणूस. अन् मी त्याला भरल्या होडीत बोलले." थोड्या वेळानं माझा हात दाबून म्हणाल्या, "मला कळलं म्हणून सांगू नको हां त्यांना, कसम हाय. त्यांचं मन मोडंल."

म्हणजे आता नवऱ्याचं गुपित माझ्याकडं, बायकोचंही माझ्याकडं, आणि त्यावर दोघांच्या कसमा. सासूबाईंचा चहा त्या दिवशी साडेचारला झाला. त्या काय बोलल्या, ते मी ऐकलंच नाही.

त्या दिवशी कॅन हलकी कशी निघाली, हे मामूंना अजून कळलेलं नाही. "जीपवाल्यानं कमी भरली असंल," असं दिगांबरनं सांगून टाकलं. तो गरीब जीपवाला अजून शिव्या खातो.

मामी मात्र आता रोज संध्याकाळी घाटावर येतात. मामू होडी बांधतात, उतरतात आणि बायकोच्या नाकाखाली हात धरतात. कधी हातांना खरंच वास असतो, कधी नसतो. मामी दर वेळी नीट हुंगतात आणि म्हणतात, "न्हाई." मग विचारतात, "आज जेवायला काय करू?"

"काय बी कर," मामू म्हणतात. "तुझ्या हातची खुशबू तर मला नदीच्या मधोमध आलो की येती."

"येती का?" मामी म्हणतात आणि त्यांच्या हातातून रिकामी कॅन घेऊन पुढं चालू लागतात.